समुद्रप्रवासास निघालेली मोटार

मोटार ही आतां मध्यम स्थितींतील कुटुंबाचीही वस्तु झाली आहे. नोकरीनिमित्त परदेशीं गेलेलीं आपलीं माणसें एका देशांतून दुसऱ्या देशांत बिऱ्हाड हलवितांना पुस्तकें, भांडींकुंडीं आणि देवघर यांच्याबरोबर मोटारही जहाजावर चढवितात. बदलीच्या नोकरींतील मंडळी पुण्याहून गुवाहाटीस अथवा जम्मूस गाडी ट्रकवर घालून पाठवितात. अशा वेळीं लोणच्याच्या बरणीचें झांकण दहा वेळां घट्ट करून पाहणारे गृहस्थ मोटारीची किल्ली मात्र एजंटच्या हातीं देऊन मोकळे होतात. गाडी बंद आहे, चाकें बांधलेलीं आहेत, तिला आतां काय व्हावयाचें आहे, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत बरोबर नाहीं. आणि तिची किंमत मालकाला तर द्यावी लागतेच, पण कधीं कधीं परक्या माणसांनाही द्यावी लागते. म्हणून हा विषय वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बंद गाडीचा चालू खर्च

जुन्या मोटारींत ही अडचण फारशी नव्हती. १९१२ सालीं अमेरिकेंत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनीं तयार केलेला विजेचा स्टार्टर बसविण्यांत आला. त्यापूर्वीं हँडल मारून एंजिन चालू करण्याची रीत होती, आणि स्टार्टर आल्यावरही पुष्कळ वर्षें तें हँडल गाडीबरोबर मिळत असे. बॅटरी उतरली तरी अंगांत जोर असलेला मनुष्य चार फेरे मारून गाडी जागी करी. आजच्या गाडींतून हँडल गेलें आणि संगणक आले. एंजिनाचा, ब्रेकचा, एअरबॅगचा, दाराच्या कुलपांचा असे लहानमोठे अनेक संगणक एका गाडींत असतात. गाडी बंद करून कुलूप लावलें म्हणजे त्यांतील बहुतेक थोड्या वेळानें निजतात, पण सगळे निजत नाहींत. चोराची चाहूल घेणारा, खिशांतील किल्लीची हांक ऐकणारा, घड्याळ चालू ठेवणारा असे पहारेकरी जागेच राहतात, आणि त्यांचा शिधा बॅटरींतून जातो.

हा शिधा किती? चांगल्या स्थितींतील गाडींत तो साधारणपणें २० ते ५० मिलिअँपिअर असतो. आपण हिशेबाला ३० धरूं. दिवसाचे २४ तास म्हणजे रोज सुमारें ०.७ अँपिअर-तास झाले. मध्यम आकाराच्या मोटारीची बॅटरी ६० अँपिअर-तासांची असली, तर ४५ दिवसांत त्यांपैकीं ३२ निघून जातील. उरलेल्या विजेंत थंड पडलेलें एंजिन फिरविण्याचें बळ राहीलच अशी खात्री देतां येत नाहीं. आतां त्याच गाडींत रस्त्याचें चित्र टिपणारा कॅमेरा लावलेला आहे आणि तो आणखी २०० मिलिअँपिअर ओढतो असें समजा. दोन्ही मिळून रोज साडेपांच अँपिअर-तास जातील, आणि बॅटरी अकराव्या दिवशीं रिकामी होईल. इंग्लंडांतून ऑस्ट्रेलियास निघालेलें जहाज त्या दिवशीं अर्ध्या वाटेवरही पोंचलेलें नसतें.

रिकामी झाली तर पुन्हां भरतां येईल, असें कोणी म्हणेल. परंतु बॅटरी म्हणजे पाण्याचा हंडा नव्हे. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालीं शिशाची बॅटरी प्रथम तयार केली. तिचें मूळ तत्त्व आजही तेंच आहे. एक पत्रा शिशाचा, दुसरा शिशाच्या ऑक्साइडचा, आणि मध्यें पाणी मिसळलेलें गंधकाम्ल. वीज बाहेर जातांना दोन्ही पत्र्यांवर शिशाचें सल्फेट जमतें. तें ताजें असेपर्यंत त्याचे कण बारीक असतात आणि चार्ज करतांच ते विरून जातात. परंतु बॅटरी कित्येक आठवडे रिकामीच पडून राहिली म्हणजे या कणांचे मोठे व कठीण स्फटिक बनतात, ते सहजासहजीं विरत नाहींत, आणि बॅटरीची धारणशक्ति कायमची कमी होते. उष्णतेनें ही हानि लवकर होते. बॅटरीच्या तारा सोडलेल्या असल्या तरी ती आपोआप थोडीथोडी उतरत असते, आणि दर १० अंश सेल्सियस उष्णता वाढली कीं ही उतार जवळजवळ दुप्पट होते. विषुववृत्त ओलांडणाऱ्या जहाजावर उन्हांत तापलेल्या कंटेनरची कल्पना केली म्हणजे याचें महत्त्व कळेल. थंड देशांत उलट संकट असतें. भरलेल्या बॅटरींतील अम्ल सहसा गोठत नाहीं. पण रिकाम्या बॅटरींत तें पाण्यासारखें पातळ झालेलें असतें, शून्याखालीं थोडे अंश जातांच गोठतें, आणि बॅटरीचें कवच तडकतें.

वाहतुकीचे दोन मार्ग

गाडीची तयारी कशी करावी हें ती कोणत्या रीतीनें जाणार यावर अवलंबून आहे, आणि हा प्रश्न एजंटला सर्वांआधीं विचारला पाहिजे.

पहिली रीत ‘रो-रो’ जहाजाची. हें जहाज म्हणजे समुद्रावर तरंगणारा अनेक मजल्यांचा वाहनतळ होय. चाकणच्या कारखान्यांत तयार झालेल्या मोटारी मुंबई बंदरांतून परदेशीं गेल्या त्या अशाच जहाजांनीं. येथें गोदींतील माणूस गाडी चालवीत आंत नेतो आणि मुक्कामीं दुसरा माणूस ती चालवीत बाहेर काढतो. म्हणून कंपनीनें निराळें सांगितलें नसेल तर बॅटरी जोडलेलीच ठेवावी लागते. मोटारी बनविणारे कारखानदार अशा प्रवासासाठीं गाडीला ‘ट्रान्सपोर्ट मोड’ नांवाच्या निजेंत घालतात, म्हणजे बहुतेक पहारेकऱ्यांना रजा देतात. कांहीं गाड्यांत ही सोय मालकाच्या गाडीलाही अधिकृत कार्यशाळेंत पुन्हां लावून मिळते; कांहींत एखादा विशिष्ट फ्यूज काढून तेंच काम होतें. आपल्या गाडींत काय चालतें हें गाडीबरोबरच्या पुस्तकांत पाहावें किंवा विक्रेत्यास विचारावें. अंदाजानें फ्यूज उपटूं नयेत.

दुसरी रीत कंटेनरची. गाडी आंत ढकलून किंवा चालवून ठेवली, पट्ट्यांनीं बांधली, दार बंद करून सील लावलें, कीं मुक्कामापर्यंत तिला कोणी हात लावीत नाहीं. येथें बॅटरी सोडविणें हाच उत्तम उपाय. पूर्ण भरलेली सुस्थितींतील बॅटरी सोडवून ठेवली तर दोन महिन्यांच्या प्रवासानंतरही बहुधा गाडी चालू करण्याइतकी वीज तिच्यांत राहते.

दोन्ही रीतींत एक नियम समान आहे. बॅटरी जोडलेली असेल तर ती घट्ट जोडलेली असावी, आणि सोडविलेली असेल तर पूर्णपणें सोडविलेली असावी. या दोहोंच्या मधली स्थिति सर्वांत वाईट. हें केवळ तर्कानें सांगत नाहीं. याचा दाखला आहे.

जॅक्सनव्हिलची आग

४ जून २०२० रोजीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत जॅक्सनव्हिल येथें ‘होएग शियामेन’ नांवाचें मोटारवाहू जहाज जर्मनींतील ब्रेमरहाफेन बंदराकडे निघण्याच्या तयारींत होतें. त्यावर २,४२० जुन्या मोटारी चढविलेल्या होत्या. निघण्यापूर्वींच मालाच्या एका मजल्यांतून धूर येऊं लागला. आग विझविण्यास गेलेल्या अग्निशामक दलाच्या ९ माणसांना दुखापती झाल्या, आग पूर्ण शांत होण्यास सुमारें आठ दिवस लागले, आणि जहाज व माल मिळून ४ कोटी डॉलरांचें नुकसान झालें. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानें चौकशी करून २०२१ च्या डिसेंबरांत अहवाल प्रसिद्ध केला. जुन्या मोटारींच्या बॅटऱ्या सोडवून सुरक्षित करण्याचा नियम होता, पण तो पाळला गेला नाहीं आणि तो पाळला जात नाहीं हें देखरेख करणाऱ्यांच्या ध्यानांत आलें नाहीं. आठव्या मजल्यावरील एका जुन्या गाडीची बॅटरी नीट सोडविलेली नव्हती, तिच्यांत विजेचा दोष उत्पन्न झाला, आणि त्यांतून आग लागली, असा मंडळाचा निष्कर्ष आहे.

बारा व्होल्टांची बॅटरी हाताला झटका देत नाहीं, म्हणून लोक तिला निरुपद्रवी समजतात. परंतु तिचीं दोन टोंकें धातूनें जोडलीं गेलीं तर क्षणांत शेंकडों अँपिअर प्रवाह वाहतो. लोखंडी पाना तापून लाल होतो. अर्धवट सैल केलेली तार हलत राहिली, पुन्हां पुन्हां टोंकाला टेंकली, तर ठिणग्या पडतात. मालाच्या मजल्यावर गाड्यांमध्यें वीतभर अंतर असतें. एका गाडीची ठिणगी शेजारच्या गाडीची व्हावयास वेळ लागत नाहीं. २०२३ च्या जुलैंत हॉलंडच्या किनाऱ्याजवळ ‘फ्रीमँटल हायवे’ या मोटारवाहू जहाजास आग लागली, तींत एक भारतीय खलाशी मरण पावला. ती आग कोणा एका मालकाच्या हयगयीची, असें आम्ही म्हणत नाहीं. जहाजावरील आगीचें पहिलें संकट कोणावर ओढवतें, तें मात्र तींत दिसलें. आपली गाडी ज्यांच्या हवालीं करतों त्यांच्याही घरीं वाट पाहणारीं माणसें असतात.

सोडविण्याची रीत

कंटेनरमध्यें जाणाऱ्या गाडीची बॅटरी आदल्या दिवशीं योग्य चार्जरनें पूर्ण भरावी. गाडी बंद असून कांहीं तास लोटल्यावर मोजलें असतां १२.६ व्होल्ट किंवा अधिक दिसले म्हणजे ती भरली असें समजावें, १२.२ च्या आसपास दिसले तर ती निम्मी उतरली आहे. बॅटरी चार-पांच वर्षांची आणि कमजोर असेल तर प्रवासापूर्वींच नवी घालावी. परक्या बंदरांत ती शोधण्यापेक्षां हें स्वस्त पडतें.

तारा सोडण्यापूर्वीं गाडी बंद करून थोडा वेळ थांबावें, म्हणजे आंतील संगणक आपली नोंद पुरी करून निजतात. किल्ली गाडीपासून दूर ठेवावी. जवळ असली कीं ते पुन्हां जागे होतात. प्रथम ऋण टोंकाची तार काढावी. गाडीचा सांगाडा ऋण टोंकाला जोडलेला असतो; धन टोंक आधीं सोडतांना पाना सांगाड्याला लागला तर तोच क्षण धोक्याचा. काढलेल्या तारेच्या तोंडावर रबराची टोपी घालून किंवा चिकटपट्टी नीट गुंडाळून ती टोंकाकडे परत झुकणार नाहीं अशी बाजूला बांधावी. धन टोंकावरील झांकणही जाग्यावर असावें. बॅटरीला धरून ठेवणारी पट्टी मात्र सोडूं नये, उलट घट्ट करावी. जहाज डोलतें तेव्हां सुटी बॅटरी पेटींतल्या नारळासारखी आपटत राहते. जोडतांना हाच क्रम उलटा: ऋण तार सर्वांत शेवटीं.

एक लहान गोष्ट पुष्कळांना नडते. ज्या गाडींत बॅटरी मागील डिकींत असते आणि डिकी विजेनें उघडते, तेथें बॅटरी सोडवून डिकी लावली कीं ती उघडणार कशी? किल्लीच्या आंत दडविलेलें साधें लोखंडी पातें कोणत्या कुलपाला लागतें तें आधींच लावून पाहावें. तसेंच घड्याळ, रेडिओचा गुप्त अंक, आपोआप वर जाणाऱ्या कांचांची खूण या गोष्टी बॅटरी सोडविल्यावर पुसल्या जाऊं शकतात. त्यांचे अंक व कृति लिहून ठेवावी. कॅमेरा, गाडीचा ठावठिकाणा सांगणारें यंत्र, चार्जर असें बाहेरून जोडलेलें सर्व साहित्य काढून घ्यावें. रो-रोनें जाणाऱ्या गाडीलाही हा शेवटचा नियम लागू आहे.

ओल, पाणी आणि ऊन

इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला बॅटरीइतकेंच ओलीपासून भय असतें. थंड देशांत बंद केलेला कंटेनर उष्ण समुद्रांतून पुन्हां थंडींत आला कीं आंतील हवेंतली वाफ छताला धरून थेंब थेंब गळूं लागते. म्हणून ओल शोषणाऱ्या पिशव्या कंटेनरांत टांगण्याची पद्धत आहे. एजंटला त्या घालण्यास सांगावें. गाडी आंतून कोरडी असावी, ओल्या चटया काढाव्या, कांचा पूर्ण बंद असाव्या.

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें परक्या मातीचा कण अथवा किडा आलेला चालत नाहीं, म्हणून गाडी निघण्यापूर्वीं खालून-वरून धुवावी लागते. ही धुलाई जोरदार फवाऱ्यानें करतात. एंजिनाच्या भागांत फवारा मारण्यापूर्वीं बॅटरी, फ्यूजची पेटी व तारांचे सांधे झांकावे, आणि धुतल्यावर गाडी सुकूं द्यावी. तेथील ढेकणवर्गीय उपद्रवी किड्याच्या हंगामांत कांहीं देशांतून येणाऱ्या मोटारींना ५६ अंश सेल्सियसपर्यंत तापवून निर्जंतुक करण्याचीही रीत आहे. या उष्णतेला न मानवणाऱ्या वस्तु, विशेषतः सुट्या लिथियम बॅटरीचीं उपकरणें, गाडींत राहूं देऊं नयेत.

विजेवर चालणारी मोटार

विजेच्या मोटारींत दोन बॅटऱ्या असतात हें पुष्कळांना माहीत नसतें. गाडी चालविणारी मोठी लिथियमची, आणि दारें, दिवे व संगणक जागे करणारी लहान बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असूनही लहान उतरली तर गाडी जागी होत नाहीं. कांहीं गाड्या मोठीतून लहानीला अधूनमधून वीज पुरवितात, कांहीं पुरवीत नाहींत. आपली कोणत्या प्रकारची आहे तें पुस्तकांत पाहावें. मोठी बॅटरी लांबच्या मुक्कामासाठीं पूर्ण भरून ठेवूं नये आणि रिकामीही ठेवूं नये. निम्म्याच्या आसपास ठेवणें तिच्या प्रकृतीला मानवतें. जहाजकंपनी स्वतःची मर्यादा सांगते, तीच पाळावी. दुरून गाडी पाहण्याची आणि पहाऱ्याची सोय बंद करावी. भारी दाबाच्या तारांना मालकानें हात लावूं नये. तें शिकलेल्या माणसाचेंच काम आहे. आंतरराष्ट्रीय समुद्रवाहतुकीच्या नियमांत लिथियम बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना आतां ३५५६ हा स्वतंत्र क्रमांक दिलेला आहे. तेव्हां गाडी कोणत्या जातीची आहे हें एजंटपासून लपविणें हा गुन्ह्यासारखाच प्रकार होय.

दिवसांचा हिशेब आणि विमा

एजंटनें प्रवासाचे जे दिवस सांगितले तेवढेच धरून चालूं नये. २३ मार्च २०२१ रोजीं ‘एव्हर गिव्हन’ हें जहाज सुएझच्या कालव्यांत आडवें अडकलें आणि सहा दिवस शेंकडों जहाजें खोळंबलीं. १९ नोव्हेंबर २०२३ रोजीं तांबड्या समुद्रांत ‘गॅलक्सी लीडर’ हें मोटारवाहू जहाजच पकडलें गेलें. त्यानंतर अनेक कंपन्यांनीं आपलीं जहाजें आफ्रिकेला वळसा घालून पाठविलीं आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनीं लांबला. त्याशिवाय बंदरांत वाट पाहणें, जकातीचे कागद, सुटीचे दिवस हें सर्व निराळें. आमच्या मतें सांगितलेल्या दिवसांच्या दुप्पट दिवस गाडी उभी राहील असें धरूनच तयारी करावी.

विम्याच्या कागदांतील एक कलमही वाचून ठेवण्यासारखें आहे. बाहेरून आघात झाल्याची खूण नसतां यंत्रांत अथवा विजेच्या भागांत बिघाड झाला, तर समुद्री विम्यांत तो बहुधा वगळलेला असतो. म्हणजे उतरलेली बॅटरी, ती उतरल्यानें अडकलेला गिअर, गाडी ओढून काढण्याची मजुरी आणि गोदींतील जागेचें वाढतें भाडें हें सर्व मालकाच्याच माथीं येतें.

मुक्कामाला पोंचल्यावर

इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचा खरा घात पुष्कळदां प्रवासांत होत नाहीं. तो मुक्कामाला, घाईनें होतो. गाडी चालू होत नाहीं असें दिसतांच गोदींतील कोणी तरी ट्रकची बॅटरी आणून तारा लावतो. मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टांची असते, मोटारीची १२ ची. हा दुप्पट दाब संगणकांना सोसत नाहीं. धन-ऋण तारांची अदलाबदल झाली तरी परिणाम तितकाच घातक. पंधरा-वीस हजारांची बॅटरी वाचवितांना लाखांचे संगणक जळतात. म्हणून मुक्कामीं प्रथम बॅटरी मोजावी, ती उतरली असेल तर चार्जरनें सावकाश भरावी, गोठलेली असेल तर चार्ज करूंच नये. जोडल्यावर एक-दोन इशाऱ्याचे दिवे लागले तर घाबरूं नये. थोडें अंतर गाडी चालविल्यावर ते बहुधा विझतात. न विझले तर कार्यशाळेंत दाखवावें.

एवढें सर्व सांगितल्यावर आम्ही वाचकांस एकच गोष्ट आग्रहानें सांगूं. गाडीची किल्ली देतांना एक कागद तयार करावा. बॅटरी कोठें आहे, ती जोडलेली आहे कीं सोडविलेली, किती व्होल्टांची आहे, कोणता फ्यूज काढला व तो कोठें ठेवला, डिकी व गिअर हातानें कसे मोकळे करावयाचे, आणि २४ व्होल्टांची वीज लावूं नये, हें सर्व मोठ्या अक्षरांत, जेथें गाडी जाणार तेथील माणसांना समजणाऱ्या भाषेंत लिहावें. एक प्रत पुढील कांचेच्या आंत, एक एजंटपाशीं, एक आपल्या खिशांत. ज्या माणसाच्या हातीं गाडी प्रथम पडणार आहे त्यानें आपल्याला कधीं पाहिलेलें नसतें; त्याला आपल्या गाडीची ओळख करून देणारा हाच एक कागद असतो. दूरगांवीं निघालेल्या मुलाच्या पेटीवर नांव व पत्ता लिहिल्याशिवाय आपण ती गाडींत चढवीत नाहीं. मोटारीच्या बाबतींत त्याहून निराळें वागण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.